डाळिंबाची शाई, मुळाची साल

आमची शाई डाळिंबाची होती. आज हे सांगितलं की लोकांना मौज वाटते. तेव्हा त्यात मौज काही नव्हती. निजामाचं राज्य होतं. मराठीत चार ओळी लिहून भिंतीला लावणारा माणूस सरकारला चोरापेक्षा वाईट वाटायचा. विशीतल्या पोरानं बाजारात शाईच्या पुड्या जास्त मागितल्या की दुकानदार विचारायचा, "कुण्या शाळेचे मास्तर तुमी?" त्यापेक्षा शाई घरी केलेली बरी. डाळिंबाची वाळलेली टरफलं लोखंडी कढईत उकळायची, रंगाऱ्याकडून आणलेला हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट खार, टाकायचा, वरून बाभळीचा डिंक. बघता बघता पिवळं पाणी काळंभोर होतं. त्या शाईचं अक्षर पावसात भिजलं तरी भिंतीवरून हलत नसे.

कढई ढवळायची माझी वहिनी. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी, बोलण्यात माझ्यापेक्षा दहा वर्षांनी. "भावजी, ह्या कढईत आता कालवण व्हायचं न्हाय," ती म्हणायची. "सरकार जाईल तवा जाईल, माजी कढई आदी गेली."

टरफलं मिळायची हकीमसाबांकडून. उमरग्यापासून तीन कोसांवरचं आमचं गाव, आणि त्यातलं मशिदीला लागून असलेलं त्यांचं घर. अंगणात डाळिंबाची तीन झाडं होती, नमाजाआधी हात-पाय धुतलेलं वजूचं पाणी त्यांच्या आळ्यात जायचं. हकीमसाब सत्तरीचे असतील. फळं मुलाबाळांना आणि आजाऱ्यांना वाटायचे, टरफलं वाळवून ठेवायचे. मी पिशवी घेऊन गेलो की विचारायचे नाहीत कशाला म्हणून. एकदाच म्हणाले, "शाई करता न्हवं? ले जाओ. ह्या टरफलानं जुलाब बी बंद होतो. तुमच्या राजाचा जुलुम बंद झाला तर सांगा." आणि स्वतःच हसले.

पत्रक लिहायला आम्हाला एका मास्तरांनी शिकवलं. त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांचे नियम थोडे आणि कडक. कागद पाव ताव. लिहायचं एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला खळ लावून तो भिंतीला डकवायचा असतो. पारावर कुणी मोठ्यानं वाचलं तर चिलीम विझायच्या आत संपलं पाहिजे. आणि पत्रकात 'पण' नको, 'मात्र' नको, 'शक्यतो' नको. "पण आला की माणूस उठून जातो," मास्तर म्हणायचे. "वकिलाला पण शोभतो. आपल्याला नाही." मी हे गिरवून गिरवून शिकलो. वेठीवर लिहिलं, सरकार सक्तीनं उचलायचं त्या लेव्हीच्या धान्यावर लिहिलं. लोक माझी वाक्यं पाठ म्हणायचे. जगात जे जे खरं आहे ते पाव तावात मावतं, असं मला वाटायला लागलं.

त्याच पत्रकांवर वहिनी वाचायला शिकली. शाळा उर्दूची, तीही मुलांची. तिला कोण शिकवणार? शाई सुकत घातलेल्या कागदांवर बोट ठेवून ती विचारायची, हे काय, ते काय. मी सांगायचो. सहा-सात महिन्यांत ती अक्षर लावायला लागली. मला शिकवल्याची ऐट होती, तिला शिकल्याची. आमच्या घरात कागद वाचणारी पहिली बाई ती. आण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणायचे, "आता घरात दोन वकील झाले. भाकरी कोन करणार?" तर ती म्हणायची, "भाकरीवर बी लिवलेलं आसतं. तुमाला वाचता येत न्हाय."

एका श्रावणात गावात हगवण लागली. दोन लेकरं गेली. सरकारी दवाखाना चार कोसांवर, मध्ये ओढा. सारा वसूल करणारं सरकार औषधासाठी कुठं दिसत नव्हतं. लोक हकीमसाबांच्या दारात रांगेनं बसायचे आणि पुडी घेऊन जायचे. कुणी ओंजळभर ज्वारी टोपलीत टाकी, कुणी काहीच टाकत नसे. शेजारच्या म्हातारीनं तिची पुडी मला दाखवली. मी वास घेतला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखला असता. आमच्या शाईचंच टरफल, कुटून पूड केलेलं.

माझं डोकं फिरलं. जे टरफल मला पिशवीभर फुकट मिळतं, त्याच टरफलासाठी आजारी माणसं उन्हात रांगेत बसतात? ही तर औषधाची मक्तेदारी. रांग का आहे हे मी हकीमसाबांना विचारलं नाही. ते प्रत्येकाची नाडी धरतात, जीभ बघतात, कुणाला पुडी न देता नुसती पेज प्यायला सांगून परत पाठवतात, हे मी बघितलं होतं. बघूनही बघितलं नव्हतं. मी तडक घरी आलो आणि त्यांच्याच टरफलाच्या शाईनं त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहिलं.

मथळा होता, 'डाळिंब, घरचा हकीम'. खाली लिहिलं: दाण्याचा रस आजाऱ्याला ताकद देतो. टरफलाचा काढा हगवण थांबवतो. फुलाची पूड हिरड्यातलं रक्त थांबवते. मुळाच्या सालीचा काढा पोटातले जंत पाडतो. औषध आपल्या परसात आहे, पुडीवाल्याच्या दारात बसू नका.

मुळाचं मला कुठून कळलं? हकीमसाबांच्या फडताळात एका बरणीवर उर्दूत लिहिलेलं होतं, डाळिंबाच्या मुळाची साल, जंतांसाठी. उर्दू मला येत होती. बरणी सगळ्यात वरच्या फळीवर होती आणि तिच्या झाकणावरून दोरी बांधलेली होती. ती दोरी का, हाही प्रश्न मला पडला नाही.

कच्च्या कागदावर आणखी एक ओळ होती: मुळाचा काढा जपून, जाणत्याला विचारून. पक्कं लिहिताना कागद पुरेना. एक ओळ गाळणं भाग होतं. पुडीवाल्याची गाळू की जपूनची? मला दम घेऊन विचारसुद्धा करावा लागला नाही. जपूनची गेली. मास्तरांनी पत्रक वाचलं आणि पाठ थोपटली.

पत्रक गाजलं. टरफलाचा काढा लोकांनी केला, बऱ्याच जणांना उतारही पडला. मी पारावर छाती काढून बसायला लागलो. तिथं एका दुपारी हकीमसाब काठी टेकत आले.

"मियाँ, तुमचा कागद म्या वाचून घेतला," ते म्हणाले. "अच्छा लिखे. माझ्यावर लिवलं त्ये बी चालंल, म्हाताऱ्याला काय हुतंय. पन त्यातून मूळ काढा."

"का?"

"क्यूँ की, त्ये जहर बी हाय."

पारावर सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, "हकीमसाब, तुमच्या फडताळात असलं की दवा आणि आमच्या परसात असलं की जहर, व्हय?"

माणसं हसली. हकीमसाबांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. "हौ, ऐसाइच है," ते म्हणाले. "माझ्या फडताळात माप हाय." आणि काठी टेकत गेले. मी हा किस्सा मास्तरांना रंगवून सांगितला.

त्यानंतर आठेक दिवसांची गोष्ट. आण्णा रानात, आई सास्तूरला माझ्या बहिणीकडं गेलेली. मी ओसरीवर लिहीत बसलो होतो. ऊन इतकं कडक की कोंबड्या कणगीच्या सावलीला जाऊन बसल्या होत्या. आतून ओकारीचा आवाज आला. गेलो तर वहिनी भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेले, घामानं डवरलेली. तिनं माझ्या पावलांच्या दिशेनं मान वळवली.

"भावजी, येवढ्यात सांज झाली व्हय?" ती म्हणाली. "दिवा तरी लावा."

दारातून आलेलं ऊन तिच्या पदरावर पडलं होतं.

"वैनी, काय खाल्लंत?"

"खाल्लं न्हाय. पेले. तुमच्या कागदातलं."

महिनोन्‌महिने तिच्या पोटात जंत होते, कळ यायची, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात एवढी माणसं, एक विचारणारं नाही. त्यात मीही आलो, सरकारला जाब विचारा म्हणून जगाला सांगणारा. त्या सकाळी तिनं आमच्या विहिरीवरच्या, फळ न धरणाऱ्या डाळिंबाचं मूळ खोदलं, ओली साल काढली, उकळली आणि तांब्याभर काढा प्याली.

मी पळत हकीमसाबांकडं गेलो. ते जेवायला बसले होते. मी काय सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी 'मूळ' म्हणालो आणि त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. घरी येऊन त्यांनी वहिनीला एकेक विचारलं. किती प्याली, कधी प्याली, साल ओली का वाळलेली, ओकारीत किती पडलं. मग हळूच, "बेटी, पोटाशी हाय का?" ती नाही म्हणाली. त्यांनी डोळ्यापुढं बोटं धरली. तिला बोटं दिसत नव्हती, नुसती सावली हलल्यासारखी वाटत होती.

"तुमच्याकडचं कायतरी द्या की," मी म्हणालो.

"दवा पे दवा नक्को. हिच्यावर उतारा माझ्याकडं न्हाय. गाडी जुंपा, दवाखान्यात न्ह्या." आणि मी हलत नाही हे बघून, "मियाँ, कागद लिवताना लई चपळाई केली. आता करा."

आण्णांना बोलावलं. ते आले, वहिनीकडं बघितलं, बैल जुंपले. मला एवढंच म्हणाले, "लई लिवलास." हकीमसाब न सांगता गाडीत चढले. कडबा पसरून वहिनीला कुशीवर निजवलं. त्यांनी ओला पंचा तिच्या कपाळावर धरला आणि चार कोस तो वाळू दिला नाही.

वाटेत ती म्हणाली, "हकीमसाब, डोळं येतील न्हवं?"

"आयेंगे बेटी."

"खरं सांगा. म्या लेकरू न्हाय."

हकीमसाबांनी कपाळावरचा पंचा उलटा केला. "खरं सांगतो. ही दवा म्या आजवर चौघांनाच दिली. दिली त्या दिशी त्यांच्या उशाशी बसून ऱ्हायलो. त्यातल्या एकाच्या डोळ्यावर धुकं आलं, तिसऱ्या रोजी गेलं. पन त्याला म्या मापून दिली हुती."

तो 'पण' मी ऐकला. त्यावर उठून जायला गाडीत जागा नव्हती.

वहिनी म्हणाली, "म्या बी समदं बराबर केलं. येक बी अक्षर सोडलं न्हाय. कितीक प्यायचं त्ये लई शोधलं, गावलं न्हाय. मंग म्हनलं, लिवलं न्हाय म्हंजी कितीबी चालत आसंल."

मी ओढ्याकडं बघत राहिलो. पाणी गाडीच्या आसापर्यंत होतं. त्या दिवशी बैल बिचकले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी तिचं पोट धुतलं, आतल्या खोलीत पडदा ओढून निजवलं. मग बाहेर आले आणि हकीमसाबांच्या दाढीकडं बघून म्हणाले, "तुम्ही दिलंत ना? तुमचे हे काढे. किती जणांचे डोळे घालवणार?"

"त्यांनी नाही," मी म्हणालो. "कागद मी..."

"कसला कागद?" डॉक्टरांनी विचारलं. टेबलाशी सरकारी शिपाई उभा होता. हातानं लिहिलेला मराठी कागद, गावोगाव डकवलेला. त्या एका शब्दावर मला आत टाकता आलं असतं, आणि मागोमाग मास्तरांना.

"कागद न्हाय काय न्हाय," हकीमसाब म्हणाले. "पोरगं घाबरलंय. म्याच दिली, डाक्टरसाब. माप चुकलं."

उभ्या आयुष्यात ज्यानं माप चुकू दिलं नाही, बरणीच्या झाकणाला दोरी बांधली, त्या माणसानं परक्या माणसासमोर मान खाली घालून ते वाक्य म्हटलं. डॉक्टरांनी त्यांना आणखी चार शब्द सुनावले. त्यांनी ऐकून घेतले. मी तिथं गप्प राहिलो. कारणं पुष्कळ होती, आणि चळवळीची कारणं तर नेहमीच मोठी असतात. तरी मी गप्प राहिलो हे खरं.

पहिले दोन दिवस वहिनीला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तिसऱ्या दिवशी खिडकी कळली. चौथ्या दिवशी तिनं खिडकीचे गज मोजले, चुकले, पुन्हा मोजले. आण्णा रोज चार कोस जाऊन येऊन करत होते. पाचव्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "दाढी करून या. आता दिसतंय." तेव्हा ते बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

गावात मात्र बातमी आधीच पोचली होती. हकीमसाबांचं माप चुकलं. त्यांच्या दारातली रांग आटली. हगवण लागलेली लेकरं घरातच राहू लागली, आणि माझ्या पत्रकाच्या भरवशावर आया त्यांना टरफलाचा दाट काढा पाजू लागल्या. एका लेकराचं पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं, तेव्हा आजीनं त्याला लपतछपत मशिदीजवळच्या घरी नेलं.

मी हकीमसाबांच्या अंगणात गेलो. पिशवी नव्हती नेली. "सांगा, मी लिहितो," म्हणालो. त्यांनी खाट दाखवली.

त्यांनी सांगितलं ते इथं पुन्हा लिहितो, कारण आजही लोक ऐकीव गोष्टींवर मुळं खोदतात. डाळिंबाचे दाणे खावेत, रस प्यावा, आजारातून उठलेल्यानं थोडा थोडा प्यावा. अगदी लहान लेकराला दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. गाळलेला रस चमच्यानं द्यावा. पोटात आग होत असली तर आंबट रस नको. टरफलाचा काढा पातळ, थोडा, एक-दोन दिवस, आणि त्यानं भागणार नाही हे ध्यानात ठेवून. हगवणीत माणूस मरतो तो पाण्यावाचून, म्हणून पेज, मीठ-साखरेचं पाणी थांबवू नये. रक्त पडत असेल, ताप असेल, लेकरू सुकत असेल, तर काढ्याची वाट न बघता दवाखान्याची वाट धरावी. पोटाशी असलेल्या बाईनं टरफलाचा काढा घेऊ नये. मूळ आणि खोडाची साल कुणीच घरी उकळू नये.

"माप लिहू का?" मी विचारलं.

"नक्को. माप लिवलं की लोक मापाच्या भरवशावर खोदतील. झाडाझाडात फरक, मानसामानसात फरक." मग म्हणाले, "माझं काय लिवताव?"

"तुमचं माप चुकलं नव्हतं, ते लिहितो. पत्रक लिहिणाऱ्याची चूक होती, ते लिहितो."

"त्ये आदी लिवा," हकीमसाब म्हणाले. एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी मागितली.

मास्तरांना ते पत्रक आवडलं नाही. "ही पोथी झाली," ते म्हणाले. "किती पण, किती मात्र. कोण वाचणार?" मी म्हणालो, "जिनं पहिलं वाचलं, तीच वाचील." ते लेखणी घेऊन नक्कल करायला बसले. माणूस मोठा होता.

वहिनी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, मग जवळ धरला. पुन्हा लांब. बारीक अक्षर तिला अजून डळमळल्यासारखं दिसत होतं. बोट ठेवून ती वाचायला लागली. मुळाच्या ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"हे आदीच्या कागदात का न्हवतं?"

"जागा पुरली नाही, वैनी."

तिनं फळीवरून पहिलं पत्रक काढलं. ते तिनं जपून ठेवलं होतं, सगळं एकटीनं वाचलेला पहिला कागद म्हणून. ती ते उजेडाला नेऊन बघत राहिली. मग उलटं केलं.

"मागं तर समदं कोरं हाय की, भावजी."

मी सांगणार होतो की त्या बाजूला खळ लावायची असते. नाही सांगितलं. कढईत शाई उरली होती. ती दोन्ही बाजूंनी लिहायला पुरली: पुढं डाळिंबाचे गुण, मागं मुळाची ओळ आणि हकीमसाबांचं माप चुकलं नव्हतं ते. ते कागद आम्ही भिंतीला लावले नाहीत, घरोघर हातात दिले. वहिनी माझ्यासोबत फिरली, आणि कागद दिला की ती प्रत्येक दारात म्हणायची, "आदी मागची बाजू वाचा."